फेस, पाणी आणि एकच पातं: पारंपरिक ओल्या दाढीची सविस्तर पद्धत

पारंपरिक दाढी म्हटलं की बहुतेकांचं लक्ष आधी रेझरकडे जातं. पितळी मूठ, चकचकीत मुलामा, नाहीतर थेट उघडा वस्तरा. माझं मत वेगळं आहे. या पद्धतीचा सगळा भार पाण्यावर आणि फेसावर आहे, पातं त्यानंतर येतं. ज्याला फेस नीट जमतो त्याची साध्या रेझरनेही सुरेख दाढी होते, आणि फेस कोरडा किंवा पाणचट असेल तर कितीही महाग रेझर ओरबाडल्याशिवाय राहत नाही.

म्हणून पारंपरिक कशाला म्हणायचं याचा माझा निकष सरळ आहे. साबण किंवा क्रीम ब्रशने, पाणी घालत घालत, आपल्या हाताने फेसलेलं असावं. पातं एकच असावं. आणि कोन व दाब दोन्ही आपल्या हाताने सांभाळायचे असावेत. उघडा वस्तरा यात येतो, पातं बदलता येणारा वस्तरा येतो, दुधारी पात्याचं सेफ्टी रेझर येतं आणि एकधारी पात्याचंही येतं. इलेक्ट्रिक शेव्हर यात येत नाही. डब्यातला तयार फेस आणि पाच पात्यांचं कार्ट्रिज (पाती आधीच बसवलेलं, अख्खंच बदलायचं डोकं) ही जोडीही नाही. ब्रशने केलेला फेस आणि कार्ट्रिज रेझर या जोडीला मी अर्धी पारंपरिक म्हणेन, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला नेमकी तीच आधी करायला सांगेन. दोन-तीन आठवडे रेझर जुनंच ठेवा, फक्त फेस बदला. हात फेसाला सरावला की मग रेझर बदला. दोन्ही एकाच दिवशी बदलली की काय चुकतंय ते कळत नाही आणि माणूस आठवडाभरात कंटाळून जुन्याकडे वळतो.

एका पात्याचा आग्रह का

किंग कॅम्प जिलेट यांनी टाकाऊ पात्याच्या रेझरसाठी १९०१ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९०४ मध्ये ते मिळालं. पोलादाच्या इतक्या पातळ पट्टीला कडकपणा आणि धार देणं ही खरी अडचण होती, ती विल्यम निकरसन या अभियंत्याने सोडवली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना ही रेझर सरकारी खर्चाने मिळाली आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय लाखो लोकांना लागली. आजचं दुधारी पातं त्याच वंशातलं आहे, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टेनलेस पोलादाची लेप दिलेली पाती आली आणि पातं गंजण्याची तक्रार बरीचशी मिटली.

१९७१ मध्ये जिलेट कंपनीनेच दोन पात्यांचं कार्ट्रिज बाजारात आणलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं. त्यामागची कल्पना अशी की पहिलं पातं केस थोडा वर ओढतं आणि तो मागे सरकण्याआधी पुढचं पातं तो कापतं. दाढी गुळगुळीत होते हे खरं. पण कापलेलं टोक त्वचेच्या पातळीखाली जातं, आणि ज्याचे केस कुरळे आहेत त्याच्या बाबतीत ते टोक वर येताना वाट चुकून आतल्या आत वाढतं. मानेवरचे लाल, दुखरे फोड बहुतेकदा यातूनच येतात. शिवाय एका फेरीत पाच पाती त्वचेवरून जातात म्हणजे त्वचा पाचदा खरवडली जाते. एका पात्याने हे सगळं टळतंच असं नाही, पण किती वेळा आणि किती खोल कापायचं हे तुमच्या हातात राहतं.

साहित्य घेताना

पहिलं रेझर सौम्य घ्या. रेझर सौम्य की आक्रमक हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: पात्याची धार डोक्याच्या बाहेर किती डोकावते, आणि पातं व खालची पट्टी यांच्यात फट किती आहे. मर्कुर ३४सी, एडविन जॅगर डीई८९, म्यूले आर८९ ही सौम्य रेझरची नेहमी सांगितली जाणारी नावं, आणि ती वाजवी आहेत. म्यूलेचंच आर४१ मात्र आक्रमक म्हणून प्रसिद्ध आहे, ते पहिल्या वर्षी नको. खालची पट्टी सलग असलेलं डोकं घ्या. कंगव्यासारखे दाते असलेलं डोकं वाढलेल्या दाढीला बरं. वजन थोडं जास्त असलं तर नवशिक्याला फायदाच होतो, कारण रेझरचं वजन काम करतं आणि हाताला दाबण्याचा मोह होत नाही.

पात्यांबाबत कुणाचंही ऐकून शंभराचा गठ्ठा घेऊ नका. फेदर, अ‍ॅस्ट्रा, डर्बी, पर्सोना यांपैकी तीन-चार प्रकारांची एकेक पुडी घ्या आणि प्रत्येक पातं तीन-चार दाढ्यांना वापरून पाहा. फेदर सर्वांत धारदार पात्यांमध्ये मोडतं. दाट, राठ दाढीला ते वरदान वाटेल, नाजूक त्वचेला नकोसं होईल. एकाच रेझरमध्ये एका माणसाला मऊ वाटणारं पातं दुसऱ्याला ओढतं. यात वादाला जागाच नाही, दोघंही खरं बोलत असतात.

ब्रश तीन प्रकारचे सहज मिळतात. डुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला ताठ असतो आणि दहा-वीस दाढ्यांनंतर टोकं फाटून मऊ होतात. बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो आणि महाग असतो. कृत्रिम तंतूंचा ब्रश भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो, कमी साबणात फेस देतो. पहिला ब्रश कृत्रिमच घ्या, २४ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. शतकापूर्वीचा, प्राण्यांच्या केसांचा ब्रश जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला तर तो कपाटात शोभेला ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमधून अँथ्रॅक्सची लागण झाल्याच्या नोंदी ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे आहेत. आजच्या ब्रशांबाबत ती भीती नाही, पण इतका जुना ब्रश गालाला लावण्याचं काही कारणही नाही.

साबणाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आंघोळीचा साबण चालत नाही. त्याचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि मिनिटाभरात विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं, त्याने फेस दाट आणि टिकाऊ होतो. पोटॅशियमचा साबण मऊ आणि पाण्यात चटकन मिसळणारा, सोडियमचा कडक. क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियमचा असतो, वडीत दोन्ही. ग्लिसरीन ओल धरून ठेवतं. नवशिक्याला क्रीम सोपं पडतं, कारण त्यात पाणी आधीच असतं आणि चूक व्हायला वाव कमी.

आधी नकाशा, मग पाणी

एक दिवस दाढी वाढू द्या आणि कोरड्या चेहऱ्यावर बोटं चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेने बोट अडखळत नाही तो केसांचा कल. गालावर तो बहुतेकांचा वरून खाली असतो. मानेवर मात्र काहीही असू शकतं. एका बाजूला खालून वर, दुसऱ्या बाजूला कानाकडे, कंठमण्याजवळ चक्क भोवरा. हे एकदा नीट पाहून ठेवलं नाही तर आपण मानेवर ‘वरून खाली’ म्हणजे सुलट समजत रोज उलट दाढी करत राहतो आणि मान का पेटते ते कळत नाही. मानेच्या तक्रारींचं हे एक फार मोठं कारण आहे.

आता पाणी. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो. तो पाणी शोषून फुगतो, त्यातले हायड्रोजन बंध सैल होतात आणि केस कापायला लागणारं बळ बरंच कमी होतं. याला दोन-तीन मिनिटं लागतात, कोमट पाण्यात लवकर होतं. २०२० मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी केस कापताना पात्याचं काय होतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडताना दिसले. केस कापला जाताना वाकतो, धारेवर ताण एका बाजूने येतो आणि जिथे पोलादाची सूक्ष्म रचना असमान असते तिथे टवका निघतो. दाढीला बसताना मी यातून एवढंच घेतो की पात्याचं आयुष्य केस आणि धार यांची गाठ कशी पडते यावर ठरतं, आणि त्यातली केसाची बाजू भिजवून मऊ करणं आपल्या हातात आहे.

म्हणून दाढी आंघोळीनंतर लगेच करा. ते जमत नसेल तर चेहरा साध्या साबणाने धुऊन तेल आणि मळ काढा, मग कोमट पाण्याने दोन मिनिटं भिजवत राहा. चेहरा पुसू नका. दाढीआधीचं तेल लावण्याची गरज मला वाटत नाही. जास्त झालं तर त्याने फेस खाली बसतो.

फेस

डुकराच्या किंवा बॅजरच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजत ठेवा. कृत्रिम ब्रश नुसता ओला करा. मग एक-दोनदा झटका, इतका की ब्रश ओला राहील पण ठिबकणार नाही.

वडीवर ब्रश गोल फिरवायला लागा, हलक्या हाताने. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, त्यांना भुलू नका, तो फेस नव्हे. दहा-पंधरा सेकंदांनी बुडबुडे बारीक होतात, ब्रशला किंचित अडकल्यासारखं वाटतं आणि टोकांवर दाट, चिकट लेप जमा होतो. तोवर, म्हणजे एकूण वीस-तीस सेकंद, फिरवत राहा. बहुतेकांचा फेस बिघडतो तो इथेच, साबण कमी उचलल्यामुळे. क्रीम असेल तर करंगळीच्या नखाएवढं ब्रशच्या मधोमध ठेवलं की पुरे.

आता भांड्यात किंवा थेट चेहऱ्यावर फेसायला घ्या. मला चेहऱ्यावर फेसणं जास्त आवडतं, कारण ब्रश केस उभे करतो आणि पाणी मुळापर्यंत पोचवतो. त्वचा नाजूक असेल तर भांडं बरं. ब्रशची टोकं पाण्यात जेमतेम बुडवा, पंधरा सेकंद फिरवा, पुन्हा टोकं बुडवा. लेप हळूहळू पातळ होत जातो, त्याचा पांढरा, खडूसारखा कोरडेपणा जातो आणि त्यावर ओलसर चमक येते. ती चमक महत्त्वाची. ब्रश उचलल्यावर फेसाचं टोक उभं ताठ राहिलं तर अजून पाणी हवं. टोक किंचित वाकून पडलं आणि पृष्ठभागावर एकही बुडबुडा दिसत नसेल तर झालं. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहा. बोटं सहज सरकली पाहिजेत. गालावरून फेस ओघळायला लागला तर पाणी जास्त झालं, पुन्हा ब्रश वडीवर थोडा फिरवा. नवशिक्याचा फेस बहुधा कोरडाच असतो, कारण भरगच्च दिसला की थांबावंसं वाटतं. पातं भरगच्चपणावर सरकत नाही, ओलेपणावर सरकतं.

सगळं नीट करूनही फेस उभा राहत नसेल तर पाणी तपासा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात, तोच बेसिनच्या कडेला पांढरा थर होऊन बसतो. फेसापुरतं कपभर गाळलेलं किंवा ऊर्ध्वपातित पाणी वापरून पाहा. फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

पहिला हात

भिंतीला रंगाचे हात देतात तसे दाढीचेही हात असतात, आणि एका हातात सगळं उरकायचं नसतं. पहिल्या हाताचं काम खुंट कमी करणं एवढंच.

रेझरची मूठ टोकाजवळ, बोटांच्या अग्रांनी धरा. डोकं गालावर टेकवा, मूठ गालाशी काटकोनात. या स्थितीत पातं त्वचेला लागत नाही. आता मूठ हळूहळू खाली आणत रेझर पुढे सरकवा; जिथे पातं केस पकडायला लागतं तिथे थांबा. पात्याचा त्वचेशी सुमारे ३० अंशांचा कोन झालेला असतो. तो मोजायचा नसतो, ऐकायचा असतो. कोन बरोबर असला की बारीक, एकसारखा कुरकुर आवाज येतो. आवाज थांबला तर पातं वरून घसरतंय, आणि खरवडल्यासारखं वाटलं तर मूठ जास्त खाली गेली आहे.

दाब द्यायचा नाही. कार्ट्रिजची सवय असलेल्या हाताला हे सर्वांत जड जातं, कारण तिथे दाबल्याशिवाय समाधान होत नाही. इथे दाबलं की त्वचा पट्टी आणि पातं यांच्या फटीत फुगते आणि कापते.

फेऱ्या छोट्या ठेवा, दोन-तीन सेंटिमीटरच्या. मनगट स्थिर. दुसऱ्या हाताने त्वचा हलकी ताणून धरा, विशेषतः कानाजवळ आणि गालाखाली. कल्ल्यांपासून सुरू करा, गाल संपवा, मग मान. ओठांवरचा भाग आणि हनुवटी शेवटी, कारण तिथले केस राठ असतात आणि त्यांना फेसाखाली भिजायला तेवढा जास्त वेळ मिळतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर रेझर पाण्यात खळबळा.

जबड्याच्या हाडावर रेझर वळवण्याऐवजी तिथली त्वचा वर गालाकडे ओढून घ्या, म्हणजे सपाट जागेवर काम होतं. कंठमण्यावर त्वचा बाजूला सरकवून कापा. ओठांवरच्या भागासाठी ओठ दातांवर ताणून घ्या आणि नाकाखाली अगदी लहान लहान फेऱ्या मारा. रेझर कधीही आडवं, धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवू नका. दुधारी रेझरने होणाऱ्या खोल जखमा अशाच होतात.

दुसरा, तिसरा हात आणि कुठे थांबायचं

चेहरा धुवा, पुन्हा फेस लावा. फेसाशिवाय कोरड्या जागेवर ‘एवढंच राहिलंय’ म्हणत फिरवलेलं पातं संध्याकाळी आग आग करतं. दुसरा हात कलाला आडवा, कानाकडून नाकाकडे किंवा उलट. तिसरा हात कलाच्या उलट, घोटून दाढी हवी असेल तरच.

पहिला महिना तिसरा हात नको. माझ्या मते मानेवर पुष्कळांना तो कधीच नको. बोट फिरवल्यावर किंचित खर लागली तर लागू द्या, आरशात ती दिसत नाही. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि केस आत वाढायची सवय आहे त्यांनी एकाच सुलट हातावर थांबावं, त्वचा ताणू नये, आणि फोड पिकत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

दाढीनंतर

थंड पाण्याने चेहरा धुवा. मग तुरटीचा खडा ओला करून सगळीकडे फिरवा आणि अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. तुरटी बारीक ओरखडे आवळून घेते, रक्त थांबवते. तिचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो: जिथे झोंबते तिथे आज दाब जास्त पडला आहे. महिनाभर लक्ष ठेवलंत तर झोंबणाऱ्या जागा ठरलेल्या निघतात, बहुधा जबड्याखाली आणि ज्या हाताने आपण दाढी करतो त्याच्या विरुद्ध बाजूला. हात कुठे सुधारायचा ते तिथेच कळतं.

शेवटी कोरडी त्वचा असेल तर बाम, तेलकट असेल तर अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह. अल्कोहोल झोंबतं म्हणजे काम करतं असं नाही. झोंबत असेल तर बाम घ्या.

उघड्या वस्त्र्याबद्दल थोडं

वस्तरा शिकायचा असेल तर आधी सेफ्टी रेझरने फेस, कल आणि त्वचा ताणणं हे तिन्ही बसवून घ्या. पहिला वस्तरा ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा घ्या, आणि तो दाढीयोग्य धार लावून दिलेला आहे का हे विचारून घ्या, कारण कारखान्याची धार अनेकदा त्या पातळीची नसते. प्रत्येक दाढीआधी तो पट्ट्यावर घासावा लागतो, आधी कापडी, मग चामड्याचा. कणा पुढे, धार मागे, आणि टोकाला उलटवताना कण्यावरूनच उलटवायचा. धारेवरून उलटवलात तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पहिले काही आठवडे फक्त गाल वस्त्र्याने करा, बाकी रेझरने. पातं बदलता येणारा वस्तरा सोपा समजून अनेक जण तिथून सुरुवात करतात. तो हलका असतो, पातं जास्त धारदार असतं आणि चूक पोटात घालत नाही. मी तो नवशिक्याला सुचवणार नाही.

निगा

ब्रशमधला साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, झटका, हवेशीर जागी वाळू द्या. बंद डब्यात ओला ठेवू नका. पातं रेझरमध्येच धुवा आणि नुसतं झटका. टॉवेलने धार पुसू नका, तिच्यावर पॉलिमरचा अतिशय पातळ लेप असतो. एक पातं साधारण तीन ते सात दाढ्या चालतं. ओढायला लागलं की टाकून द्या, आणखी एक दाढी काढायच्या नादात त्वचा जाते. रेझर कुणाबरोबरही वाटून वापरू नका. हिपॅटायटिस बी आणि सीसारखे रक्तातून पसरणारे आजार न दिसणाऱ्या ओरखड्यांतूनही जाऊ शकतात.

वापरलेली पाती सुटी कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्याचे हात कापतात. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला मागे एक फट असे आणि पाती थेट भिंतीच्या पोकळीत पडत. अशा घरांच्या भिंती फोडताना आजही ढीग सापडतात. आपल्याला एक पत्र्याचा डबा पुरतो. झाकण चिकटवून टाका, वर पातं जाईल एवढीच फट पाडा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. भरला की फट चिकटपट्टीने बंद करा, वर ‘आत पाती आहेत’ असं ठळक लिहा आणि डबा न उघडता धातूच्या भंगारात द्या.